बाण शेपूट हलवत जातोय. दोष रेस्टचा की बाणाचा?

मदत हवी आहे. मी स्वतः धनुष्य चालवत नाही, लेकीचा हमाल आहे. अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला विश्वविजेतेपद घेतल्यापासून आमच्या साताऱ्यात कंपाऊंडचं (कप्पी लावलेल्या धनुष्याचं) वेड वाढलंय, त्यातलीच एक आमची. वय 15, उजव्या हाताची.

महिन्यापूर्वी दोन बदल एकदम केले (इथेच चुकलं बहुतेक). ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) 38 पौंडांवरून 42 केलं आणि जुनी ब्लेड रेस्ट (बाण जिच्यावर टेकतो ती पातळ पट्टी) वाकली म्हणून नवी बसवली. बाण तेच, 600 स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा, आकडा मोठा तितका बाण मऊ), 27 इंची. 18 मीटरवर गट बरा पडतो, पण 50 मीटरवर बाण उजवीकडे पांगतात आणि जाताना मासा पोहावा तसे वळवळताना दिसतात.

दोन मीटरवरून कागदातून मारून पाहिलं. टोकाचं भोक उजवीकडे, पिसांची फाट डावीकडे, जवळपास 3 सेंमी. वर-खाली काही नाही, म्हणजे नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) ठीक असावा. रेस्ट उजवीकडे, रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या दांड्याच्या) बाजूला सरकवत गेलो. रायझर ते बाणाचा मध्य हे अंतर 21 मिमी होतं, ते 19 वर आणलं. फाट 2 सेंमीवर आली आणि तिथेच अडली. अजून सरकवू का? कोच मुलांना घेऊन स्पर्धेला गेलेत. फोनवर म्हणाले, "मी येईपर्यंत हात लावू नका." लावून झालाय.

प्रतिसाद: थांबा, रेस्ट परत 21 वर न्या. रेस्ट हलवून फाट मिटत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. आधी व्हेन (बाणाचं पीस) ब्लेडला घासतेय का बघा. ब्लेडच्या टोकाला लिपस्टिक लावा, दोन बाण मारा, डाग कुठे उमटतो ते पाहा. मग पकड. पोर ग्रिप आवळत असेल तर फाट दर बाणाला बदलते, एकसारखी येत नाही. हे दोन्ही निघालं नाही तर बाण 42 पौंडांना मऊ पडतोय. तेव्हा दोन्ही लिंब बोल्ट (धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांचे स्क्रू) सारखेच सैल करून वेट उतरवा आणि पुन्हा कागद लावा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा.

धागाकर्ता: बायकोची लिपस्टिक कामी आली (तिला अजून सांगितलेलं नाही). डावीकडच्या खालच्या व्हेनच्या आतल्या बाजूला डाग! नवी ब्लेड जुनीपेक्षा रुंद आहे, हे आत्ता शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं. नॉक (बाणाच्या शेवटची खाच) किंचित फिरवला, आता दोन्ही व्हेन ब्लेडला न शिवता जातात. रेस्ट 21 वरच ठेवून फाट 1 सेंमी येतेय, पाचही बाणांना तीच, म्हणजे पकडीचा दोष नसावा. उद्या सकाळी वेट 40 वर आणून बघतो. 500 स्पाइनचे, म्हणजे जरा ताठ, दोन-तीन बाण कुणी आठवडाभरासाठी उसने देईल का? बारा बाणांचा नवा संच घेण्याआधी खात्री करायची आहे.