मदत हवी आहे: ३०–८८ मेगाहर्ट्झ ट्यूनेबल फिल्टर, वरच्या टोकाला दोन शेंडे

विश्रामबाग_आरएफ (सांगली):
लष्करी व्हीएचएफ पट्ट्याच्या रिसीव्हरपुढे बसवायला दोन रेझोनेटरचा (कॉइल-कपॅसिटरच्या जोड्यांचा) बँडपास फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच फ्रिक्वेन्सी आत सोडणारा, करतोय. कॉइल टी५०-१० टोरॉइडवर (कडीच्या आकाराच्या गाभ्यावर) ७ वेढे, म्हणजे साधारण १५० नॅनोहेन्री. खालून दुसऱ्या वेढ्यावर ५० ओहमचा टॅप (सिग्नल आत-बाहेर नेणारी मधली जोडणी). पिन डायोडने (रेडिओ सिग्नलसाठी स्विचसारखा चालणारा डायोड) आत-बाहेर होणारी ८ बिटची, म्हणजे ८ कपॅसिटरची, बँक, १८८ ते २२ पीएफ. दोन्ही रेझोनेटरना वरून जोडणारा कपॅसिटर ६.८ पीएफ.

३० ला ग्राफ झकास. ८८ ला मात्र ग्राफला एकाऐवजी दोन शेंडे, २४-२५ मेगाहर्ट्झ अंतरावर, मध्ये ३ डीबीचा खड्डा. सगळ्यात लहान बिट ०.६५ पीएफची, तीही हिशोबापेक्षा कमी सरकवते. पितळी डबा कुपवाडला करून घेतलाय. मधला पडदा बदलूनही फरक नाही.

मिरज_जंक्शन:
डब्याचा दोष नाही. ६.८ ला १८८ ने भागा: कपलिंग (दोन रेझोनेटरमधली जोड) ३.६ टक्के. २२ ने भागा: ३१ टक्के. शेंडे फुटणारच. तो कपॅसिटर काढून टाका. दोन्ही कॉइलची खालची टोकं एकत्र आणा आणि तिथून ६-७ मिमी उघड्या तारेने ग्राउंड करा. एवढ्या तारेत ५ नॅनोहेन्री मिळतात, मग कपलिंग पूर्ण पट्ट्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतं.

लहान बिटचं कारण वेगळं. बंद पिन डायोडचेही ०.३ पीएफ उरतात, ०.६५ च्या सिरीजमध्ये ते ०.२ होतात, हाती फरक ०.४५ चा. तिथे ०.८७ पीएफ लावा.

कृष्णाकाठ:
@मिरज_जंक्शन, एवढंच केलं तर ८८ ला ६ डीबी जातील की! टॅपमुळे बाहेरचा क्यू (जोडलेल्या ५० ओहममुळे ठरणारी रेझोनेटरची तीक्ष्णता) ३० ला २२ असतो, ८८ ला जेमतेम साडेसात. तिथे साडेतीन टक्के कपलिंग अपुरं पडतं. पट्टा ५१ वर तोडा, दोन वेगळ्या कॉइल घ्या, टॅप आणि कपलिंग प्रत्येक भागाच्या मध्यावर जुळवा. टोकांना अर्धा डीबीही जाणार नाही. कपॅसिटन्सचं गुणोत्तर साडेआठवरून तीनवर येतं, वरच्या भागाला ६ बिट पुरतात.

विश्रामबाग_आरएफ:
धन्यवाद दोघांना. एवढ्या खटाटोपापेक्षा व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) बरा नाही का?

कृष्णाकाठ:
टेबलावर बरा. एका गाडीत दोन-तीन रेडिओ सेट शेजारी असले की शेजारच्या ट्रान्समीटरचा व्होल्टेजच व्हॅरॅक्टरचा कपॅसिटन्स हलवतो आणि इंटरमॉड्युलेशन (सिग्नल एकमेकांत मिसळून नकोसे सिग्नल तयार होणं) सुरू होतं. वेगाची काळजी नको: सिंकगार्स (याच पट्ट्यातला अमेरिकी लष्करी रेडिओ) सेकंदाला १११ वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो, म्हणजे उड्या मारतो, म्हणजे एका उडीला ९ मिलिसेकंद, पिन डायोड मायक्रोसेकंदांत बदलतो. फक्त रिव्हर्स बायस ५ व्होल्टवर भागवू नका, जवळच्या सेटच्या सिग्नलने बंद डायोड उघडेल.

मिरज_जंक्शन:
५१ वर तोडणं मान्य. फॉरवर्ड करंटातही कंजुषी नको. ८३ पीएफच्या बिटला डायोडचा १ ओहम जरी राहिला, तरी ३० ला त्या फांदीचा क्यू ६४ वर येतो; कॉइल कितीही चांगली गुंडाळली तरी तो लॉस भरून निघत नाही.