दिवसाला किती पाणी पिता? आकडा नको, अनुभव लिहा

मी आहारतज्ज्ञ आहे. समोर येऊन बसलेला माणूस वजनासाठी आलेला असो की साखरेसाठी, "पाणी किती पिऊ?" हे विचारतोच. बहुतेकांच्या डोक्यात उत्तरही आधीच पक्कं असतं: आठ ग्लास, तीन लिटर, उठल्याउठल्या एक लिटर. हा धागा काढण्याचं कारण तेच पक्कं उत्तर.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने आहारातल्या दर कॅलरीमागे १ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी असा हिशोब दिला. त्याला जोडूनच, यातलं बरंचसं पाणी अन्नातून मिळतं, असंही लिहिलं होतं. आकडा लोकांच्या तोंडी राहिला, पुढचं वाक्य गळून पडलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हॅल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने आठ ग्लासांचा पुरावा शोधला. समशीतोष्ण हवेत बैठं काम करणाऱ्या निरोगी प्रौढांसाठी तो त्यांना सापडला नाही.

युरोपची २०१० ची शिफारस स्त्रियांना २ लिटर आणि पुरुषांना २.५ लिटर अशी आहे. अमेरिकेची त्याआधीची २.७ आणि ३.७ लिटर. हे सगळं *एकूण* पाणी आहे, अन्नातलं आणि चहा-दुधातलंही धरून. साधारण पाचवा हिस्सा तर जेवणातूनच येतो. २०२२ मध्ये २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरात रोज किती पाणी येतं-जातं हे मोजलं गेलं. सर्वात लहान होतं आठ दिवसांचं बाळ, सर्वात मोठी व्यक्ती ९६ वर्षांची. बहुतेक प्रौढ १ ते ६ लिटरच्या मध्ये कुठेही होते. इतकी तफावत असताना एकच आकडा सगळ्यांना कसा लागू पडेल?

म्हणून विनंती: वय, काम, हवा, आजार, औषधं हे सगळं लिहा. आणि दुसऱ्याला "जास्त पी" किंवा "कमी पी" असं सांगण्याआधी तो कोणती औषधं घेतो ते विचारा.

———

मी शाळेत शिकवते. वर्षानुवर्षं माझा नियम होता, घरातून निघण्याआधी पाणी नाही आणि शाळेत घसा ओला करण्यापुरतंच. बायकांना याचं कारण सांगावं लागत नाही. तास सलग, स्वच्छतागृह इमारतीच्या पार टोकाला, आणि वर्ग सोडून जायचं कसं?

लघवीला जळजळ, युरीन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी), अँटिबायोटिक, पुन्हा काही आठवड्यांनी तेच. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी दिवसभरातलं पाणी विचारलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा.

पण बाटली भरून नेऊन भागत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं. आम्ही काही शिक्षिका मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो, दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं मागितली, शेजारच्या वर्गातल्या बाईंनी लक्ष ठेवायचं असं ठरवलं. मला आलेला फरक पाण्याइतकाच त्या पाच मिनिटांचा आहे. मुलींनाही आता मध्येच जाऊ देतो. त्याही पाणी टाळतात, विचारून बघा.

———

मुतखड्याचा रुग्ण. दोन्ही बाजूंना होऊन गेलाय. ज्यांनी ती कळ भोगली आहे त्यांना वर्णन नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

माझ्या युरॉलॉजिस्टचं एक वाक्य इथे लिहितो, कारण त्याने माझी विचार करायची पद्धतच बदलली: "तुम्ही किती पिता ते राहू द्या, बाहेर किती येतं ते सांगा." त्यांनी २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमा करून आणायला सांगितली. मी दिवसभर उन्हात साइटवर असतो. पाणी प्यायचो भरपूर, पण निम्मं घामावाटे जात होतं आणि कॅनमध्ये लिटरभरसुद्धा नव्हतं. खडा होऊ नये म्हणून दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. तेवढी होण्यासाठी ऑफिसात बसणाऱ्याला जितकं प्यावं लागेल, त्याहून कितीतरी जास्त मला लागतं.

कारण साधं आहे. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल हे सगळं लघवीत विरघळलेलं असतं. लघवी दाट झाली की ते विरघळलेलं राहू शकत नाही, स्फटिक धरतात. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं (निकाल १९९६ मध्ये आले). भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना खडा परत झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. औषधाशिवाय एवढा फरक पडतो, हे मला फार मोठं वाटतं.

अजून दोन गोष्टी. रात्री लघवी सगळ्यात दाट असते, म्हणून झोपताना एक ग्लास पितो आणि मध्यरात्री उठलो की थोडं आणखी. झोपमोड होते, तरी मला चालते. आणि खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद करू नका. कमी करायचं ते मीठ. डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील.

———

वरच्या दादांचं सगळं पटलं, पण कृपया माझंही वाचा. माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. आमच्याकडे पाणी मोजून मिळतं. त्यांची लघवी जवळजवळ थांबली आहे. त्यामुळे प्यायलेलं सगळं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. आधी पायावर सूज, मग रक्तदाब, मग आडवं झोपलं की धाप. एकदा फुप्फुसात पाणी भरून रात्री धावपळ करावी लागली आहे. त्या रात्रीनंतर घरात वजनकाटा ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू झाली. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं यावरून अंगात किती पाणी साठलं ते कळतं, कारण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन.

सकाळी त्यांच्या दिवसभराच्या वाट्याचं पाणी एका बाटलीत काढते. चहा प्यायले की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकते. रस्सा, दूध, बर्फ, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्या हिशोबात. सुरुवातीला फार जड गेलं. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारायचं म्हणजे काय, ते मी इथे लिहू शकणार नाही.

डायलिसिसच्या सिस्टरनी शिकवलेलं सांगते. आधी मीठ कमी करा, तहान आपोआप उतरते. नुसतं पाणी तोडून मीठ तसंच ठेवलं तर माणूस तळमळतो. लहान कप वापरा. बर्फाचा खडा चोखायला द्या, पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो. चूळ भरा, ओठांना काहीतरी लावा. साखर वाढलेली असली तरी तहान वाढते, त्यामुळे तीही आटोक्यात हवी.

भेटायला येणारे मात्र म्हणतात, "भरपूर पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल." ते प्रेमाने म्हणतात हे मला कळतं. पण असं सांगू नका. त्यांच्या प्रकृतीला ते बाधेल.

———

धागाकर्ती: ताई, मनापासून आभार. "धुऊन निघेल" या समजुतीबद्दल एक जोडते. कॅनडात तिसऱ्या, म्हणजे मधल्या टप्प्यातल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना जास्त पाणी प्यायला लावून वर्षभर पाहिलं होतं. निकाल २०१८ मध्ये आले. मूत्रपिंडाचं काम घटण्याच्या वेगात फरक पडला नाही. हृदय कमजोर असलेल्यांनाही अनेकदा पाण्याची मर्यादा असते. ती ज्याची त्यालाच विचारून ठरवायची.

———

चहा-कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं म्हणे. मग ते मोजायचं की वजा करायचं?

———

धागाकर्ती: मोजायचं. रोजची सवय असलेल्यांना चार कप कॉफी आणि तेवढंच पाणी देऊन तुलना झाली आहे, शरीरातल्या पाण्यात फरक दिसला नाही.

———

लांब पल्ल्याचं धावतो आणि नव्या धावपटूंना सरावही देतो. आमच्याकडे भीती उलटी आहे. शर्यतीत वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पिणारे, तहान नसताना पिणारे, हे सगळ्यात जास्त धोक्यात असतात. मूत्रपिंडं तासाला जास्तीत जास्त ८०० मिलिलिटर ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि धावताना तर त्याहूनही कमी, कारण लघवी अडवून धरणारं संप्रेरक वाढलेलं असतं. वरचं पाणी रक्तात साठतं, सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, बरळणं, झटके. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय, आणि तो आणखी पाणी पाजतो!

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन *वाढलं* होतं ते जास्त अडचणीत होते. चार तासांपेक्षा जास्त वेळ लागणारे त्यात पुष्कळ. म्हणजे अव्वल धावपटू नव्हे, माझ्याकडे येणारे हौशी लोक.

मी प्रत्येकाला धावण्याआधी आणि नंतर वजन करायला लावतो. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला. थोडं घटणं ठीक आहे. वाढलं तर पुढच्या वेळी कमी प्यायचं. बाकी तहान लागली की प्या.

———

भट्टीवर काम करतो. तहानेवर सोडून चालत नाही, काम सुरू असताना तिच्याकडे लक्षच जात नाही. आमच्याकडे दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला असा नियम आहे, मुकादम हाक मारून पाजतो. तासाला दीड लिटरच्या वर जायचं नाही, हेही शिकवलंय. शिफ्ट लांबली की नुसतं पाणी पुरत नाही, मीठ असलेलं काहीतरी लागतं. नवीन आलेल्या पोरावर पहिले काही दिवस जास्त लक्ष ठेवतो, अंगाला उष्णतेची सवय व्हायला वेळ लागतो.

———

माझी आई ऐंशीच्या पुढची. तिला तहान लागतच नाही. "नको गं, पोटात जागा नाही." शिवाय गुडघे दुखतात, उठून जायला नको म्हणून संध्याकाळनंतर ती ग्लास हातात घेत नसे. एका उन्हाळ्यात ती मला ओळखेना, दिवस कुठला ते सांगता येईना. आम्हाला वाटलं डोक्यात काहीतरी झालं. स्कॅन नीट निघाला. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, सलाईनवर बरीच सावरली.

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्क निरोगी पुरुषांना २४ तास पाण्याशिवाय ठेवलं होतं. वयस्कांच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण जास्त वाढलं होतं, तरी तहान त्यांनाच कमी लागली आणि नंतर ते प्यायलेही कमी.

आता "पाणी पी" असं म्हणतच नाही. तिच्या हातात कप देते आणि शेजारी बसून मीही पिते. गोळ्यांबरोबर एका घोटाऐवजी पूर्ण ग्लास. बहुतेक पाणी दुपारपर्यंतच, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत धरायला दांडा आणि रात्रभर दिवा, हे केल्यावर तिचं पाणी टाळणं खरं कमी झालं.

———

आमच्या बाबांचं याच्या अगदी उलट. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. त्यात कुणीतरी रोज चार लिटर पाण्याने सगळे रोग जातात असं सांगितलं. बाबा शिस्तीचे, घड्याळ लावून प्यायचे आणि जेवण अगदी थोडं. हळूहळू चालताना तोल जायला लागला, चिडचिड वाढली, दिवसभर गुंगी. रक्त तपासलं तर सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं. त्या प्रकारच्या गोळीने सोडियम उतरू शकतं आणि वर एवढं पाणी. दवाखान्यात ते सावकाश वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. गोळी बदलली, पाणी कमी केलं, बाबा पुन्हा एकटे फिरायला जातात. म्हातारपणी पाणी कमीच पडतं असं धरून चालू नका.

———

अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी थोडक्यात. पाजायला बसलं की मला जबरदस्त तहान लागते, बाटली शेजारीच ठेवते. अन्न आणि पेयं मिळून रोज ६०० ते ७०० मिलिलिटर जास्त लागतं असं मला सांगितलं होतं. बाळाला मात्र सहा महिने वरचं पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. घरातल्या मोठ्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, वाद वाचतो.

———

माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. अचानक खूप पाणी प्यायला लागला, आणि आम्हाला आनंदच झाला, कारण एरवी त्याच्या मागे लागावं लागायचं. मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे कधीच बंद झालं होतं. वजन उतरलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, हा सारखा बाहेर का जातो? त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर तपासली. टाइप १ मधुमेह. वेळेत कळलं म्हणून थेट अतिदक्षता विभागात जायची वेळ आली नाही.

साखर लघवीतून जाताना सोबत पाणी ओढून नेते, म्हणून ती तहान. काही कारण नसताना तहान एकदम वाढली तर आधी साखर तपासा, पाण्याचं नंतर बघू. शाळेतल्या ताई, तुमच्या वर्गात असं मूल दिसलं तर घरी जरूर कळवा.

———

धागाकर्ती: लिथियम (मानसिक आजारावरचं एक औषध) घेणारे, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले आणि रात्रपाळी करणारे यांच्याकडून अजून ऐकायचं आहे. या तिघांचाही पाण्याचा हिशोब वेगळा असतो. नाव न देता लिहिलंत तरी चालेल, औषध आणि वय मात्र नक्की लिहा.