मदत हवी आहे: गाईला दगडी (कासदाह) झाली, एक सड अजून सुधरत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरजवळ राऊला असतो, घरच्या सहा गाई. तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, व्यायला दीड महिना झालाय. गेल्या सोमवारी धार काढताना मागच्या डाव्या सडातून दह्यासारख्या गुठळ्या आल्या. कास तिथे गरम आणि दगडासारखी घट्ट. हात लावला की लाथ झाडते, एरवी फार गरीब आहे हो. डॉक्टरांनी तीन दिवस सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली. सूज उतरली, पण पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेतल्या की बारीक कण अजून दिसतातच. ते दूध डेअरीला घालत नाही, वासरालाही पाजत नाही.

पुन्हा ट्यूब सोडण्याआधी दूध तपासून कोणतं औषध लागू पडेल ते बघावं ना? महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी नमुना दिलाय का? बर्फात ठेवून न्यायचा का?

बाकीच्यांना लागण नको म्हणून हिची धार शेवटी काढतो, सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो आणि लगेच चारा टाकतो, म्हणजे अर्धा तास तरी ती खाली बसत नाही आणि सडाला घाण लागत नाही. आटवताना (पुढच्या वेताआधी दूध बंद करताना) चारही सडांत औषध सोडणाऱ्यांनी अनुभव जरूर सांगा. सड निकामी होईल या धास्तीने आई रात्री दोनदा गोठ्यात जाऊन येते.