तेव्हा आजूबाजूचे काय करत होते?

छेडछाडीचे अनुभव आपल्यातल्या जवळपास प्रत्येकीकडे आहेत, ते सांगून-ऐकून झालेत. मला आज वेगळं विचारायचंय. त्या वेळी आजूबाजूला जी माणसं होती ती काय करत होती? आणि दुसरं, जे सांगायला जास्त जड जातं, तुम्ही स्वतः कधी नुसतं बघत उभे राहिला होतात का? बायकांनी सांगा, पुरुषांनीही सांगा. नावगाव नको.

माझ्यापासून सुरुवात करते. कॉलेजचं दुसरं वर्ष, पुण्यात, संध्याकाळची बस, पाय ठेवायला जागा नाही. मागचा माणूस प्रत्येक ब्रेकला अंगावर येत होता आणि ब्रेक लागला नाही तरी येत होता. मी सरकले, सॅक मागे घेतली, कोपर मारलं, शेवटी ओरडले, "नीट उभे राहा ना!" अख्ख्या बसने माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. समोरच्या सीटवर एक काकू गवार निवडत होत्या, मांडीवर पेपर पसरून. त्यांनी एकदा वर बघितलं आणि परत निवडायला लागल्या. एक गृहस्थ म्हणाले, "गर्दीत होतं गं, एवढं असेल तर रिक्षाने जायचं." मी चार स्टॉप आधीच उतरले. त्या माणसाचा चेहरा आज आठवत नाही, पण गवारीचे देठ टचाटच मोडून पेपरवर पडत होते ते आठवतं.

* * *

मी सतरा वर्षं डोंबिवलीहून अप-डाऊन करतेय. लेडीज डब्यात एकीला काही झालं तर पन्नास जणी उठतात, हे मी स्वतः बघितलंय. पण त्याच बायका पुलावर आल्या की कुणी कुणाची नाही, प्रत्येकीला पुढची गाडी गाठायची असते, मलाही असते. दादरच्या पुलावर एकाने समोरून येता येता छातीवर हात मारला. मी वळून त्याचा शर्ट पकडला, घट्ट पकडला, बटण तुटून हातात आलं. तो म्हणतोय मैंने क्या किया, मैंने क्या किया, आणि लोक दोन्ही बाजूंनी आम्हाला वळसा घालून चाललेत. एकजण थांबला, मला वाटलं आला कुणीतरी, तो म्हणाला, "मॅडम, रस्त्यात नका ना उभ्या राहू." मग हातातून शर्ट सुटलाच. बटण दिवसभर पर्समध्ये होतं.

* * *

पुरुष आहे. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

सोलापूरकडे जाणारी रात्रीची एसटी. माझ्या पुढच्या सीटवर खिडकीशी एक मुलगी, शेजारी पन्नाशीचा माणूस. लाईट बंद झाल्यावर थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "काका, हात काढा." दोनदा आला. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, कारण कानात हेडफोन होते पण गाणं केव्हाच संपलेलं होतं. मी डोळे मिटून घेतले. मनात काय काय चाललं होतं सांगतो: तो तिच्या ओळखीचा असेल, मी बोललो आणि तो उलटला तर, त्याच्याबरोबर अजून कोणी असेल तर, सकाळी मला इंटरव्ह्यू आहे. सगळी कारणं तयार होती. शेवटी तीच उठली, सीटच्या कडेने कशीबशी बाहेर आली आणि कंडक्टरजवळ जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत उभी. माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तिथे माझी बॅग ठेवलेली होती. "इथे बसा" एवढे दोनच शब्द बोलायचे होते हो. मारामारी नाही करायची, पोलीस नाहीत, नुसती बॅग उचलून मांडीवर घ्यायची होती.

* * *

वरचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. दादा, सांगितलंत ते बरं केलंत.

माझं कोल्हापूरकडचं, लहान गाव. दहावीला शिकवणीला चालत जायचो, बाईकवरची दोन पोरं रोज मागे. पानटपरीवर दहाजण उभे असायचे, त्यातले निम्मे वडिलांच्या ओळखीचे, सगळे बघायचे आणि हसायचे. एक दिवस कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी तागडी टाकून रस्त्यात आल्या आणि बाईकपुढे उभ्या राहिल्या. "काय रं ए, कुणाच्यातला हाईस तू? बा चं नाव सांग की." बस्स, एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. लहान गावात बापाचं नाव विचारलं की संपलं, परत ती पोरं दिसली नाहीत. पण पुढचं ऐका, ही गोष्ट घरी मी सांगितली नाही. सांगितली असती तर पोरांचं काही नसतं झालं, माझी शिकवणी बंद झाली असती. मैत्रिणीची झाली.

* * *

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. लोक मधे पडत नाहीत त्याला भीतीही असते आणि ती खोटी नसते. ऑक्टोबर २०११, अंधेरीचं आंबोली. कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस, मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला अडवलं म्हणून टोळकं जमवून आणून त्यांना भोसकलं. कीनन त्याच दिवशी गेला, रूबेन काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. माझ्या आईने तेव्हापासून सांगून ठेवलंय, कुणाच्या मधे पडायचं नाही.

* * *

तुमच्या आईची काळजी समजते, पण आंबोलीत रस्ता रिकामा नव्हता ना. माणसं होती आणि बघत होती. एवढ्या जणांतले दहाजण पुढे आले असते तर त्या दोघांना एकट्याने तोंड द्यावं लागलं नसतं.

मी सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास केलाय, म्हणून २७ जून २०२३ ची सकाळ माझ्यासाठी जवळची आहे. भर रस्त्यात एक मुलगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावत होता, ती जीव घेऊन पळत होती आणि गर्दी बाजूला होत होती. लेशपाल जवळगेने तो कोयता धरला, हर्षद पाटीलही धावला. ती वाचली. दोघंही आमच्यासारखीच अभ्यासिकेतली पोरं. सगळ्यांनी कोयता धरावा असं मी म्हणत नाहीये, मलाही जमेल की नाही माहीत नाही. पण दुकानाचं दार उघडं ठेवणं जमतं, बोंबाबोंब करणं जमतं, ११२ ला फोन लावणं जमतं.

* * *

वकिली करते, म्हणून दोन गोष्टी. "साक्षीदार झालो तर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या" ही भीती सारखी ऐकते. साक्षीदार बाई असेल तर जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. आणि हद्दीवरून परत पाठवलं तर ऐकू नका, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नंतर तो योग्य ठिकाणी वर्ग होतो. पाठलाग करणं, घाणेरडे हावभाव, अंगाला हात लावणं, हे सगळे नव्या न्याय संहितेतही गुन्हेच आहेत. पण केस उभी राहते ती "मी बघितलं" म्हणणाऱ्यावर. मुलगी एकटीच सांगत असेल तर समोरचा वकील तिला सोलून काढतो, हे मी कोर्टात बसून बघते.

* * *

मी साठीची आहे, मला काही धाडस वगैरे नाही. मागच्या महिन्यात ठाण्यात रिक्षा स्टँडजवळ एक मुलगी उभी होती आणि दोघं तिच्या फार जवळ उभे होते, ती फोनमध्ये बघतेय असं दाखवत होती पण स्क्रीन काळी होती. रांगेत पंधरा-वीस माणसं. माझी छाती धडधडत होती. मी सरळ तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "अगं, तू इथे? आई केव्हाची वाट बघतेय, चल." तिने एक क्षण बघितलं आणि म्हणाली, "हो मावशी, आलेच." माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली. ते दोघं तिथेच राहिले.

तिच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आम्ही काहीच बोललो नाही. गेटवर तिने पिशवी परत दिली तेव्हा तिचा हात थरथरत होता, आणि माझाही.