ऑफ-रोड ट्रायथलॉन: सगळे मला ओलांडून जातात, त्यांच्याकडून नेमकं काय घ्यावं?

पाणकोंबडी

मी मूळची पोहणारी. रस्त्यावरच्या ट्रायथलॉन करून झाल्या आणि आता पंचेचाळिशीत ऑफ-रोडचं खूळ डोक्यात शिरलंय. तलावात दीड किलोमीटर पोहणं, मग माउंटन बाइकवर तीसेक किलोमीटर जंगलातली वाट, शेवटी दहा किलोमीटर ट्रेल रन, म्हणजे जंगलवाटेवर धावणं. हे गणित पोहणाऱ्यांच्या मुळावर उठलेलं आहे. पाण्यातून मी अर्ध्या तासात बाहेर येते, सायकलवर मात्र दोन तास सहज मोडतात. पाण्यात कमावलेली आघाडी पहिल्याच चढावर संपते आणि तिथून पुढे माझं मुख्य काम वाट देणं. मागून "डावीकडून!" अशी हाक आली की आपण उजवीकडे गवतात.

हे रडगाणं नाही बरं का. उलट पुढून पोहून निघाल्यामुळे मला जवळजवळ सगळी स्पर्धा जवळून बघायला मिळते, कारण एकेक करून सगळे माझ्या शेजारून जातात. नुकत्याच झालेल्या स्पर्धेतली ही काही माणसं डोक्यातून जात नाहीयेत:

एक काका. पोटरीवर वयोगट लिहिलेला होता म्हणून कळलं, साठीच्या पुढचे. मोठाल्या दगडांचा एक उतार होता, प्रत्येक फेरीत यायचा. काका प्रत्येक फेरीत त्याच झाडापाशी शांतपणे उतरायचे, सायकल हाताशी धरून धावत खाली जायचे आणि सपाटीला लागताच टुणकन सीटवर. मी ब्रेक आवळून बसल्या बसल्या उतरत होते, तर ते पायी माझ्या पुढे गेले!

एक तरुण मुलगी. मला ओलांडता ओलांडता ओरडून सांगून गेली, "पुढे मुळं ओली आहेत, तिरकी जाऊ नका, सरळ काढा." स्वतःचा श्वास लागलेला असताना तिला हे सुचलं कसं?

आणि एक मुलगा, ज्याचा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) दगडावर आपटून मोडला. मला वाटलं, संपलं याचं. तो रस्त्याकडेला बसला, डिरेलर काढला, चेन तोडून छोटी केली, एकाच गिअरवर जोडली आणि निघाला. धावताना तो मला पुन्हा भेटला, म्हणजे त्यानंही ओलांडलंच.

आता प्रश्न. एक, एका बाईंनी पंक्चर झालेल्या अनोळखी स्पर्धकाला आपली ट्यूब दिली, वर थांबून पंपही दिला. शेवटी जेवताना यावर वाद झाला. काही जण म्हणाले, अशानं दोघंही बाद होतात. खरं काय?

दोन, "आपल्यापेक्षा थोडा वेगवान माणूस हेरायचा आणि त्याला धरून राहायचं" हा सल्ला मला सगळे देतात. पोहताना मी हे करते, दुसऱ्याच्या पायामागे राहिलं की दम वाचतो. पण जंगलातल्या उतारावर दुसऱ्याला धरून राहायचं म्हणजे त्याच्या हिमतीवर आपला जीव टाकायचा. तुम्ही लोक बरोबरच्या स्पर्धकांकडून काय घेता? आणि काय सोडून देता?

---

जुना टायर

पहिल्या प्रश्नापुरतं उत्तर देतो. मी स्पर्धांमध्ये तांत्रिक अधिकाऱ्यांच्या टोळीत असतो, त्यामुळे हा वाद कायम कानावर येतो.

वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे त्याच स्पर्धेतला एक स्पर्धक दुसऱ्याला ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, खाणं-पिणं देऊ शकतो. तुमच्या त्या बाईंनी काहीही चुकीचं केलं नाही. चालत नाही ते हे: आख्खी सायकल, फ्रेम, चाक किंवा हेल्मेट अशी वस्तू देणं, जी दिल्यावर देणाऱ्याचीच स्पर्धा थांबते. तसं केलं तर दोघंही बाद. बाहेरच्या माणसानं मदत करणं हा वेगळाच मुद्दा. तुमच्या यजमानांनी झाडामागून ट्यूब फेकली तर ती घ्यायची नाही.

दुसऱ्याला ढकलणं, ओढणं, खांद्याला धरून पुढे नेणं हेही आता चालत नाही. २०१६ साली मेक्सिकोत कोझुमेलच्या शर्यतीत ब्रिटनच्या अॅलिस्टर ब्राउनलीनं लटपटणाऱ्या धाकट्या भावाला, जॉनीला, धरून अंतिम रेषेपर्यंत नेलं होतं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तेव्हा ते नियमात बसलं, आज तेच केलं तर दोघांची नावं निकालातून जातील. २०१९ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिक चाचणी शर्यतीत जेस लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी ब्रिटिश खेळाडू हातात हात घालून पहिल्या आल्या आणि मुद्दाम बरोबरी केली म्हणून दोघीही बाद झाल्या. पहिला क्रमांक गेला बर्म्युडाच्या फ्लोरा डफीला.

मात्र प्रत्येक आयोजकाची स्वतःची नियमपत्रिका असते. आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगला जा आणि प्रश्न विचारा. अर्धी जनता तिथे मोबाईल बघत उभी असते.

---

चिखलराव

प्रेरणाबिरणा सगळं ठीक आहे हो. टायरमध्ये हवा किती भरता? रस्त्यावरून आलेले लोक टायर दगडासारखा टणक करून जंगलात येतात आणि मग म्हणतात, उताराची भीती वाटते. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर वीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करा आणि वजनाप्रमाणे वर-खाली बघा. निम्मी हिंमत तिथेच मिळेल. उरलेली निम्मी सीट खाली केल्यावर.

---

दगडगोटे

चिखलरावांशी सहमत, पण ताईंचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

मी नेमका तुमच्या उलटा. सायकलवरून या खेळात आलो, पाण्यात दगड. पोहून बाहेर येतो तेव्हा सायकलींच्या रांगा अर्ध्या रिकाम्या असतात. मग पुढचे दोन तास मी लोकांना ओलांडत जातो, त्यामुळे तुमच्यासारख्या पोहणाऱ्यांच्या पाठी मला चांगल्या ओळखीच्या आहेत. मागून जे दिसतं ते सांगतो.

पोहणारी माणसं उतारावर पुढच्याचं मागचं चाक बघतात. पाण्यात पायांचा फेस बघायची सवय असते ना, तीच. चाकाकडे बघितलं की तुमची नजर दोन मीटरवर अडकते, आणि जो दगड त्यानं चुकवला तो तुम्हाला दिसेपर्यंत तुमच्या चाकाखाली आलेला असतो. त्यापेक्षा त्याचं हेल्मेट बघा. चांगला चालवणारा वळणाच्या कितीतरी आधी मान वळवतो. त्याची मान वळली की तुम्हीही तिकडे बघा, सायकल आपोआप मागे येते. आणि त्याचं कोपर कधी वाकतं, ब्रेक कुठे सोडतो तेही बघा. तो वळणाआधी ब्रेक मारून वळणात सोडून देत असेल, तुम्ही वळणात दाबत असाल, तर घसरणार तुम्हीच. हे सगळं बघायला तीन-चार सायकलींचं अंतर हवं. तेवढं अंतर ठेवून तो दिसेनासा होईपर्यंत जायचं. दिसेनासा झाला की झाला. पाठलाग करायचा नाही, पुढचा कोणीतरी येईलच मागून. तुमच्या बाबतीत तर नक्की येईल! (रागावू नका.)

तर "धरून राहा" या सल्ल्याचे दोन तुकडे करा. चढावर आणि धावताना माणूस धरा, कारण तिथे गेला तर फार तर दम जाईल, जीव नाही. उतारावर माणूस धरू नका, त्याची रेषा बघा आणि वेग आपला ठेवा.

तुमच्या त्या काकांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला. त्यांनी आदल्या दिवशी वाट बघताना ठरवलं असणार की या झाडापाशी उतरायचं. माउंटन बाइक ढकलत किंवा उचलून नेणं नियमात बसतं, पण नव्या लोकांना त्याची लाज वाटते. अर्धवट उतारावर मन बदललं की माणूस पडतो. वर उभं राहून ठरवलेला माणूस पडत नाही. असाच एक नमुना मोठ्या पातळीवरचा: नेड ओव्हरेंड. १९९० साली माउंटन बाइकचा पहिला अधिकृत विश्वविजेता, आणि नंतर १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं हवाईतल्या माउईला एक्सटेराचा, म्हणजे ऑफ-रोड ट्रायथलॉनच्या मालिकेचा, विश्वविजेता. तेव्हा त्याचं वय ४३ आणि ४४. पोहण्यात तो पुढे नसायचा, सायकलवर भरपाई करायचा. तुमच्या वयाच्या जवळपासचा विश्वविजेता दुसऱ्या किती खेळांत सापडेल?

फ्लोरा डफीचं नाव वर आलंच आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला शर्यत पूर्ण करता आली नाही आणि नंतर काही काळ ती खेळापासूनच दूर होती. परत आल्यावर तिनं ऑफ-रोडही सुरू केलं, २०१४ पासून सलग चार वर्षं माउईचं विजेतेपद घेतलं आणि टोकियोत बर्म्युडाला ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. रस्त्यावरच्या शर्यतीत ओल्या वळणावर ती कशी जाते बघा, माझ्या मते तिथे जंगलात कमावलेलं कसब सरळ दिसतं.

आता काय सोडून द्यायचं, त्याबद्दल. लेस्ली पॅटरसन ही स्कॉटिश खेळाडू, ऑफ-रोडची अनेकदा विश्वविजेती. एका कादंबरीचे चित्रपट-हक्क तिनं वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून जपले, त्यासाठी शर्यतींचं बक्षीस वापरलं, आणि त्यावरच्या पटकथेला २०२३ मध्ये बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. तिचा कोस्टा रिकातला किस्सा प्रसिद्ध आहे: शर्यतीच्या आदल्या दिवशी खांद्याचं हाड मोडलं, तरी एका हातानं पोहून, मग सायकल आणि धावणं करून ती जिंकली. किस्सा भारी आहे, मलाही आवडतो. पण लोक तो जिथे तिथे चिकटवतात, सर्दी-ताप असलेल्याला पाण्यात ढकलायला वापरतात, तेव्हा चीड येते. तिचं पोट त्या बक्षिसावर आणि स्वप्न चित्रपट-हक्क टिकवायच्या मुदतीवर अडकलं होतं. आपल्याला सोमवारी कामावर जायचं असतं. तिच्याकडून घ्यायचं असेल तर वर्षानुवर्षं एका गोष्टीला लावून धरणं घ्या, मोडका खांदा तिचा तिला राहू द्या.

---

पाणकोंबडी

दगडगोटे, "हेल्मेट बघा" हे सरावात करून पाहिलं. आमच्या गटातल्या एकीच्या मागे गेले. पहिल्यांदा कळलं की ती उतारावर जवळजवळ काहीच करत नाही! मी हँडलशी कुस्ती खेळते, तिचे हात सैल. पेडल आडवे ठेवून उभी असते आणि सायकलला खाली नाचू देते. इतके दिवस तिच्यापाठी जाऊन मला फक्त तिचं चाक पाठ होतं.

हवाही कमी केली, चिखलराव. किती ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

एक मात्र बोलायचंय. तुम्ही म्हणता चढावर माणूस धरा. मला चढावर उलट अनुभव आहे. पाण्यात आडवं असताना एकदम उभं राहायचं, ट्रान्झिशनपर्यंत (सायकली ठेवलेल्या जागेपर्यंत) पळायचं आणि लगेच चढ. डोकं गरगरतं, नाडी आधीच टोकाला. त्या वेळी मागून ताजेतवाने आलेले तुमच्यासारखे लोक धरले तर माझा दिवस तिथेच आटोपेल. म्हणून मी पहिल्या चढावर कोणालाच धरत नाही. हेल्मेटचा बक्कल लावला, सायकल काढली, हलका गिअर, आणि जाऊ द्यायचं सगळ्यांना. सगळ्यांना वाट देताना एक-एक शब्द बोलते, "छान", "चला चला", इतकंच. त्याचा मला फायदा होतो असं लक्षात आलंय: बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर आहे.

आणि ती ओल्या मुळांची सूचना देणारी मुलगी. मी तिच्याकडून तेवढीच सवय उचलायची ठरवलीय. माझ्या मागून येणाऱ्याला धोका सांगायचा. सरावात सुरू केलं, तर गंमत म्हणजे दुसऱ्याला सांगायचं म्हणून मीच वाट जास्त नीट बघायला लागले.

---

दगडगोटे

पहिल्या चढाचं तुमचं बरोबर आहे, तिथे माझा सल्ला मागे घेतो. पोहून पुढे आलेल्या माणसाच्या जागी मी कधी नव्हतोच, त्यामुळे मला ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या फेरीपासून धरा मग, तोवर आजूबाजूला तुमच्याच वेगाची माणसं उरलेली असतात.

आणि तुम्ही वाट देता ना, ती कशी देता तेही महत्त्वाचं. एकदम थांबू नका, पायही टेकू नका. सरळ चालत राहा, "पुढे रुंद आहे, तिथे जा" असं सांगा. ओलांडणाऱ्यानं दहा सेकंद थांबायला हवं, ती जबाबदारी त्याची. अरुंद वाटेवर घाबरून एकदम बाजूला होणारे लोक स्वतः पडतात आणि मागच्यालाही पाडतात.

---

चिखलराव

हसणार नाही, आकडा सांगा.

बाकी त्या डिरेलरवाल्या पोराबद्दल कोणी बोललं नाही. तोच माझा हिरो. हे जुगाड साध्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) जमतं. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर बहुतेक वेळा चेनचं अंतर खाली-वर होतं, मग चेन तुटते नाहीतर उडते. तुमची कुठली आहे? पुढे एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेली दातेरी चकती) असेल तर मागची मधली एखादी चकती निवडायची, जिथे चेन जास्तीत जास्त सरळ बसते. हलका गिअर हवा म्हणून सगळ्यात मोठी चकती घेतलीत तर चेन तिरकी होऊन उतरत राहील.

---

पाणकोंबडी

हार्डटेलच आहे, पुढे एक चेनरिंग. घरी आरामात बसून एकदा करून बघीन म्हणते. सोबत काय काय न्यायचं? मी आत्तापर्यंत ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर एवढंच नेत आले.

---

चिखलराव

चेन टूल (चेन तोडायचं हत्यार), तुमच्या चेनच्या स्पीडचे दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), ट्यूबलेसचं भोक बुजवायचा प्लग आणि एक सुटा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). बऱ्याचदा डिरेलर शाबूत असतो, हँगरच वाकलेला असतो, आणि तो बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हँगर आधी एकदा लावून बघा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुकानदार "हा बसतो" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.