अनुभव धागा : स्पेनमधले आठवडी बाजार

स्पेनमधली चर्च आणि राजवाडे पाहून आलेल्यांची वर्णनं पुष्कळ वाचली. मला तिथल्या जुन्या गावांच्या आठवडी बाजारांबद्दल ऐकायचंय. काय घेतलंत, कुठे अडलात? सुरुवात मी करते.

सेगोव्हिया, गुरुवार. आईला घेऊन माद्रिदहून सकाळच्या बसने गेले. रोमन जलसेतूच्या पायथ्याच्या चौकाचं नाव आथोगेखो, म्हणजे छोटा बाजार. शब्द अरबी 'सूक'वरून आलेला. आता गुरुवारची पालं वर प्लाझा मायोरमध्ये, कॅथीड्रलला लागून पडतात. मी ऐटीत 'बताता' मागितला आणि बाईंनी रताळी तोलली! तिथे बटाटा म्हणजे 'पताता'. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, त्यामुळे हा घोळ. रताळी तशीच घेतली, आईचा उपास होताच. जवळच्या ला ग्रांखाचे पांढरे टपोरे घेवडेही घेतले. आपल्या डबल बीची आठवण होते. रात्रभर भिजवून लसणाची फोडणी दिली, फार सुरेख झाले.

---

ताई, रांगेबद्दल लिहायला हवं. पालापुढे माणसं विखुरलेली असतात, रांग दिसतच नाही. मी सरळ पुढे गेलो आणि एका आजींनी दंडाला धरून मागे आणलं. आल्याबरोबर 'किएन एस एल उल्तिमो?' विचारायचं, म्हणजे शेवटचं कोण. जो हात वर करेल त्याच्यानंतर आपण. मग खुशाल सावलीत उभं राहा. फळं मात्र स्वतः चाचपू नका, विकणाराच निवडून देतो.

---

मी गेर्निकाला सोमवारी मुद्दाम गेले. 26 एप्रिल 1937 हाही सोमवारच होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्या दुपारी जर्मन आणि इटालियन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. सोमवारचा बाजार आजही भरतो. आसपासचे शेतकरी घरच्या मिरच्या, घेवडा, मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन बसतात. मी पाव किलो हिरव्या मिरच्या घेतल्या, तळून मीठ भुरभुरवून खायच्या, अजिबात तिखट नसतात. पिशवी हातात घेऊन तिथल्या शांतता संग्रहालयात गेले. आत भिंतीवरचे फोटो पाहताना पिशवीचा बंद हातात घट्ट आवळला गेला होता, हे बाहेर आल्यावर कळलं. यापुढचं मला लिहिता येत नाही.

---

टोलेडोचा सोकोदोव्हेर चौक पाहिलात का? नावाचा मूळ अरबी अर्थ जनावरांचा बाजार. मंगळवारचा बाजार आता तिथे भरत नाही, पण नाव टिकलंय.

---

आम्ही प्लासेन्सियात दोन वर्षं राहिलो. तिथे मंगळवारी मुख्य चौकातच बाजार. जूनमध्ये खेर्ते खोऱ्यातल्या चेरी, आणि बारमाही ला व्हेराची ओकच्या धुरावर वाळवलेली लाल मिरची पूड. ती पिठल्यात घालून बघा. पहिल्याच मंगळवारी बाईंनी 'क्वार्तो इ मिताद?' विचारलं. पाव किलो आणि त्याचं निम्मं, म्हणजे 375 ग्रॅम. पावशेर-अदपावावर वाढलेल्या माझ्या सासूबाईंना ते माझ्याआधी उमगलं. भाजी घेऊन झाल्यावर त्या पिशवी उघडी धरून तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "चला ना आई." त्या हलेनात. बाईंनी हसून पार्सलीची एक जुडी वरून टाकली, फुकट. मग पुढे दर मंगळवारी त्याच पालावर गेलो.