आंब्याच्या वेबसाइटवर फक्त व्हॉट्सॲप आणि फोन पुरे, फॉर्म काढून टाकावा. तुमचं मत?

कातळकडा (धागाकर्ता)

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि तिची छोटी वेबसाइट. बनवून देणाऱ्याने त्यावर संपर्काचा फॉर्म, ईमेल, व्हॉट्सॲपचं बटण, मोबाइल नंबर आणि कोपऱ्यात उघडणारी चॅटची खिडकी असं सगळंच बसवून दिलं. येत्या मोसमाआधी फॉर्म आणि चॅट काढून टाकायचा माझा विचार पक्का होत चाललाय. छोट्या विक्रेत्याने फोन आणि व्हॉट्सॲप एवढंच ठेवावं, असं माझं मत आहे.

मार्चअखेरीपासून मे संपेपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस आंबा उतरवणं, फळ निवडणं, पेट्या भरणं यात असतं. संगणकासमोर बसायला कोणी नसतं. फोन मात्र खिशात असतो. आणि आंब्याची ऑर्डर एका निरोपात कधीच ठरत नाही. तयार फळ हवंय की कच्चं? चार डझनांची पेटी की सहा डझनांची? पुण्यात पेटी घरपोच हवी की गाडीवर येऊन घेणार? समोरचा फळाचा फोटो मागतो, तो पाठवला की दोन मिनिटांत सौदा ठरतो. फॉर्म भरणाऱ्याला यातलं काहीच विचारता येत नाही.

चॅटबद्दल तर माझा रागच आहे. त्या खिडकीवर हिरवा ठिपका, 'आम्ही ऑनलाइन आहोत' हे वाक्य, आणि आम्ही सगळे बागेत. गिऱ्हाइकाशी पहिलंच बोलणं खोटं बोलून सुरू करायचं का?

तांत्रिक_मदत

चॅट काढा, त्यावर वाद नाही. फॉर्म काढायला माझा ठाम विरोध.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय का? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. तेव्हा मोसम नव्हता म्हणून तुम्हाला त्रास झाला नसेल. तेच अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी झालं तर? दुसरं उदाहरण गूगलचं. नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीत गिऱ्हाइकाला थेट चॅट करता यायचं. ती सोय गूगलने ३१ जुलै २०२४ ला बंद केली. ज्यांचे सगळे निरोप तिथूनच यायचे त्यांना पर्याय शोधावा लागला. दुसऱ्याच्या जागेत दुकान मांडलं तर शटर कधी खाली येईल ते तो ठरवतो. फॉर्म तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे तुमच्याच वेबसाइटच्या पत्त्यावर असतो.

फॉर्मबद्दल लोकांची तक्रार असते ती बहुतेक वेळा चुकीच्या जोडणीमुळे. निरोप येतच नाहीत म्हणतात, तेव्हा ते स्पॅममध्ये पडलेले असतात. फॉर्म गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता 'प्रेषक' म्हणून घालून मेल पाठवतो. निघतो तुमच्या सर्व्हरवरून, सांगतो दुसऱ्याचं नाव. जीमेलला ते बनावट वाटणारच. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता घाला, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तर जिथे जातं त्या जागी) घाला आणि डोमेनला एसपीएफ व डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घ्या. वर्डप्रेसवर फॉर्मसाठी 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे प्लगइन वापरत असाल तर हेही तपासा: ते आलेले निरोप स्वतःहून साठवत नाही, फक्त मेल करतं. मेल हरवला की ऑर्डर हरवली. सोबत 'फ्लेमिंगो' हे जोड-प्लगइन टाकलं की प्रत्येक निरोपाची प्रत साइटवर राहते.

विहीणबाई_न्यूजर्सी

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. मे महिन्यात आम्ही भारताच्या साडेनऊ तास मागे असतो. आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तुमच्याकडे सकाळचे साडेसहा. फोनवर गाठ पडणं कठीण. पेटी जाते कोथरूडला सासू-सासऱ्यांकडे, पैसे देते मी, दार उघडतात ते. व्हॉट्सॲपवर पत्ता एका निरोपात, सासऱ्यांचा नंबर दुसऱ्यात, 'लिफ्ट बंद आहे' हे तिसऱ्यात, आणि मध्ये तुमच्या पन्नास पेट्यांचे फोटो. फॉर्ममध्ये हे एका जागी राहतं. कृपया काढू नका.

घरगुती_मसाले_सांगली

माझा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे, मोबाइल नंबर उघडा टाकण्याला. आमच्याकडे नंबर माझा होता. रात्री अकरानंतर व्हिडिओ कॉल, 'ताई फोटो पाठवा' असले निरोप. मसाला कोणालाच नको होता. कातळकडा, तुमच्याकडे मोसमात फोन कोण उचलतं? बहुतेक घरांत उत्तर 'वहिनी' किंवा 'आई' असंच येतं. तेव्हा 'फोन खिशात असतो' हे कोणाच्या खिशाबद्दल आहे तेही बघा.

उपाय आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, घरच्या नंबरचं व्हॉट्सॲप त्याच फोनवर चालू राहतं. वेगळं सिम घ्या. लँडलाइन असेल तर तीही चालते, पडताळणीचा आकडा फोन करून सांगतात. त्यात कामाच्या वेळा घालता येतात आणि वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. हे केल्यापासून मी रात्री शांत झोपते. पण ज्या बाईला हे कोणी सांगितलेलं नाही, तिला 'फक्त फोन ठेव' असा सल्ला देऊ नका.

सदाशिवपेठी_ग्राहक

वडील ७८ वर्षांचे, व्हॉट्सॲप वापरत नाहीत. त्यांना आकड्यांत लिहिलेला नंबर लागतो. हिरव्या बटणामागे लपलेला नाही, बॅनरच्या चित्रात छापलेला तर नाहीच. साधा मजकूर म्हणून मोठ्या अक्षरात लिहा, त्याला फोनचा दुवा द्या. आणि 'सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ७ नंतर' अशी वेळ लिहा. लोक पाळतात.

नियम_वाचणारी

तुमच्या आवडीपलीकडे कायदाही आहे. वेबसाइटवरून नियमित विक्री होत असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काचा तपशील आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर दिसलं पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याच्या आत. घरच्या धंद्यात तो अधिकारी तुम्हीच असाल, पण नाव लिहा. व्हॉट्सॲपचं नुसतं बटण ही अट पुरी करत नाही.

फॉर्म ठेवणाऱ्यांनाही सांगते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, कामापुरतीच माहिती घ्या आणि ती कशासाठी ते सांगा. आंबे पाठवायला जन्मतारीख कशाला? असा रकाना असलेले फॉर्म मी पाहिलेत.

कातळकडा

सगळ्यांचं वाचलं. नाव, पत्ता आणि तक्रारीचा तपशील घालतो. वेगळं सिमही घेतो, तो मुद्दा घरात वाचून दाखवला आणि आईने लगेच मान डोलावली. नंबर मजकुरात लिहीन.

फॉर्मवर मात्र मी अजून तिथेच आहे. न्यूजर्सीच्या ताईंची अडचण खरी आहे, पण ती व्हॉट्सॲपनेही सुटते. बटणाच्या दुव्यातच मजकूर आधीपासून भरून ठेवता येतो: नाव, पत्ता, घेणाऱ्याचा फोन, मजला, किती डझन. बटण दाबलं की रकान्यांसह निरोप तयार, त्यांनी फक्त भरायचा. निरोप येतो तो माझ्या हातातल्या फोनवर. फॉर्म ठेवला तर तो मेल बघणार कोण? फार तर जूननंतर, पुढच्या वर्षाची नोंदणी घ्यायला तो चालू करीन.

तांत्रिक_मदत

म्हणजे मोसमात बंद आणि मोसम संपल्यावर चालू? गरज एप्रिलमध्ये आहे. मेल बघायला कोणी नाही म्हणता, तर फॉर्मचा निरोप त्याच फोनवरच्या मेलवर येऊ द्या आणि त्याला वेगळा आवाज लावा. चार रकाने ठेवा. बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) अडवायला लोकांकडून चित्रं ओळखून घेऊ नका, माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना पुरतो. तो भरला गेला की निरोप बॉटचा. आणि आधी भरलेला मजकूर लोक पुसून टाकतात, 'भाव काय?' एवढंच लिहितात. हे मी गिऱ्हाइकांच्या फोनवर रोज बघतो.

विहीणबाई_न्यूजर्सी

मी पुसणार नाही. पण नवरा नक्की पुसेल. फॉर्म ठेवाच.